नेहालेनियाची ओटी

दिलीप बायकोची, मीनलची, रक्षा आणायला गेला तेव्हा त्याच्या हातात तांब्याचा कलश होता. मीनलच्या आईने तो वाईहून पाठवला होता, कुणाच्या तरी सामानातून, जुन्या साडीत गुंडाळून. दहनानंतर महिनाभर रक्षा द्यायची नाही असा इथला कायदा. तो महिना दिलीपने कसाबसा काढला होता. विमानाचं तिकीट काढून ठेवलं होतं, रजा मंजूर झाली होती, वाईच्या घाटावर भटजी सांगून ठेवले होते.

दहनगृहाच्या कचेरीतल्या बाईने कलशाकडे पाहिलं, मग संगणकाकडे पाहिलं, मग पुन्हा कलशाकडे.

“त्या इथे नाहीत,” ती म्हणाली. “बांधावरच्या देवळात नेल्या. त्या दिलेल्या आहेत.”

“कुणाला दिलेल्या?”

“नेहालेनियाला.”

पोस्टमन पार्सल शेजाऱ्यांकडे ठेवून गेला हे सांगावं, तशा आवाजात तिने सांगितलं. वर विचारलं, “तुम्हाला कुणी बोललं नाही का?” आणि त्याला कागदी पेल्यात कॉफी आणून दिली. हे लोक वाईट बातमीबरोबर नेहमी कॉफी देतात. मीनलच्या आजाराचं नाव सांगितलं तेव्हाही डॉक्टरने आधी कॉफीच पुढे केली होती.

दिलीप रिकामा कलश सायकलच्या हँडलला अडकवून घरी आला. वाटेभर तो घंटेसारखा वाजत होता आणि लोक आदबीने बाजूला होत होते. त्यांना वाटलं असेल, कुठल्यातरी देवाचं काही चाललं आहे.

नेहालेनिया ही या लोकांची पाण्याची देवी. मांडीवर फळांची टोपली, पायाशी कुत्रा. आल्मेरे या डच गावात तिला विसरून कुणाला राहता येत नाही, कारण अख्खं गाव तिच्या पाण्याच्या तळात वसलेलं आहे. दिलीप पुण्यात पाटी घेऊन शाळेत जात होता तेव्हा इथे होड्या चालत होत्या. मग बांध घातला, पाणी उपसलं, आणि जिथे मासे फिरत होते तिथे बटाटे लावले, घरं बांधली, रेल्वे आणली. पण तळ आपला नाही, तिच्याकडून घेतलेला आहे, हे इथला प्रत्येक माणूस मानतो. म्हणून बांधावर तिचं देऊळ. म्हणून सुपरमार्केटच्या दाराशीही कोनाड्यात पाव ठेवलेला. नगरपालिकेत चुलीचा देव वेगळा, चौकातल्या खांबाचा वेगळा, आणि गावाबाहेरच्या ओक झाडाचा आणखी वेगळा. साल मोजायचं ते रोम वसल्यापासून. दिलीपच्या घरच्या पंचांगात शके १९२७ होतं, इथल्या भिंतीवर २७५८.

आल्मेरेतल्या मराठी मंडळींना या सगळ्याचं मोठं कौतुक. गणपतीत शेजारचे डच लोक सफरचंदं घेऊन आले, मूर्तीपुढे ठेवली आणि कुत्र्याला घेऊन परत गेले, तेव्हा मंडळाचा संजीव भरल्या गळ्याने म्हणाला होता, “अरे, जगात दोनच ठिकाणी देव जिवंत राहिले. आपल्याकडे आणि यांच्याकडे. हे परके नाहीत रे, हे आपलेच!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिलीपनेही वाजवल्या. तो स्वतः कुठल्याही देवळावरून जाताना हात जोडायचा. नमस्कार करायला काय जातंय, असं त्याचं म्हणणं.

घरी आल्यावर फोन वाजला. सासूबाई.

“मिळाली का हो?”

“नाही आई. थोडं कागदपत्रांचं राहिलंय.”

“मेल्यावरही कागद?” त्या म्हणाल्या. “लवकर आणा दिलीपराव. कृष्णामाईला पाणी आहे तोवर होऊ दे. उन्हाळ्यात घाटाखाली चिखल असतो. पोरगी चिखलात नको सोडायला.”

“आणतो.”

“मी त्यासाठीच राहिलेय आता,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सुचेता दिलीपच्या घराच्या पलीकडच्या गल्लीत राहायची. मीनलची इथली एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण. दिलीप तिच्याकडे गेला तेव्हा ती वाटाणे सोलत होती. त्याने कलश टेबलावर ठेवला आणि कचेरीत काय झालं ते सांगितलं. सुचेताच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“मीनलने त्या देवळात काय केलं?” त्याने विचारलं.

“ओटी भरली.”

“कुणाची?”

“देवीची. आम्ही दोघी गेलो होतो, दोन वर्षं झाली असतील. मांडीवर फळं घेऊन बसलेली बाई बघितली आणि मीनल म्हणाली, सुचे, हिची तर ओटी भरलेलीच आहे की. मग नंतर एकदा येताना खण घेऊन आली. हिरवा, इरकली. नारळ इथे धड मिळेना, तर सुरिनामी दुकानातून आणला.”

“आणि तेवढ्यावरून त्यांनी माझी बायको ठेवून घेतली?” दिलीपचा आवाज चढला. “एक खण आणि एक नारळ! तुम्ही बायका दिसेल त्या दगडाला हळदीकुंकू लावत सुटता. दगड कुणाचा, काय मागेल, काही विचारायचं नाही!”

सुचेताने शेंगा बाजूला सारल्या. ती सहसा कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी तिने ऐकून घेतलं.

“दिलीपदादा, मी मीनलला शब्द दिलाय, जास्त बोलणार नाही. देवळात जा. तिथे फ्राउके म्हणून बाई आहे. तिला विचारा.”

“काय विचारू?”

“विचारा, खण कशासाठी भरला.”

देऊळ बांधाच्या वर होतं. एका बाजूला मार्करमेरचं राखाडी पाणी, दुसऱ्या बाजूला, खूप खाली, घरांची छपरं. छतापासून दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर कापडं: रुमाल, मफलर, एप्रनचे तुकडे, लहान मुलांची झबली. वाऱ्याने सगळी एका दिशेला उडत होती. मध्ये देवी बसली होती. दगडाची, गुबगुबीत, संसारी चेहऱ्याची. तिच्या पायाशी दगडाचा कुत्रा आणि त्याला टेकून एक खरा कुत्रा झोपला होता.

फ्राउके साठीची असेल. पायात रबरी बूट, गळ्यात चष्मा. पुजारीण होण्याआधी तिने दातांच्या दवाखान्यात काम केलं होतं आणि बोलणं अजून तसंच होतं: आता थोडं दुखेल, असं आधी सांगणारं.

“मीनलचा नवरा,” तिने ओळखलं. “बसा. तिची रक्षा आत आहे, व्यवस्थित आहे. वसंतात पहिल्या होड्या निघतील त्या दिवशी पाण्यात जाईल.”

“ती आमच्या गावच्या नदीत जायची आहे. तिची आई वाट बघतेय. तिने तुमच्या देवीला फक्त ओटी भरली. आमच्याकडे तो मान असतो. त्याचा अर्थ स्वतःला देणं असा होत नाही.”

“तिला अर्थ माहीत होता,” फ्राउके म्हणाली. “मी समजावून सांगितला होता. आपलं कापड देवीच्या मांडीवर ठेवायचं आणि शब्द म्हणायचे. मग ते माणूस पाण्याचं. मेल्यावर त्याची रक्षा इथेच. तिने विचारलं, माझ्या पद्धतीने दिलं तर चालेल का? मी म्हटलं, चालेल.”

“पण का? कशाला दिलं?”

फ्राउकेने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

“तुम्हाला सोडवायला,” ती म्हणाली.

दिलीप पंपघरात काम करायचा. आल्मेरेचं पाणी रात्रंदिवस उपसणारे जे प्रचंड पंप, त्यांना चालू-बंद करणारं सॉफ्टवेअर त्याच्या टीमकडे होतं. तो रुजू झाला त्या आठवड्यात नव्या लोकांना बांधावर नेलं होतं. आधी हेल्मेट, मग आग लागली तर कुठल्या दाराने पळायचं ते, मग देऊळ. प्रत्येकाने आपलं एखादं कापड मांडीवर ठेवायचं आणि पुजारणीमागून शब्द म्हणायचे. बरोबरच्या एका जर्मन माणसाने नकार दिला आणि त्याला निमूटपणे दुसरं काम दिलं गेलं. दिलीपला त्या माणसाचं हसू आलं होतं. खंडेनवमीला त्याने पुण्यातल्या कंपनीत मशिनांना झेंडूचे हार घातले होते, लेथला हळदकुंकू वाहिलं होतं. हे तेच. त्याने खिशातला रुमाल काढून ठेवला आणि भटजींनी “मम म्हणा” म्हटलं की यजमान जसा मम म्हणतो, तसे शब्द म्हणून टाकले. लॅटिनमध्ये होते. संध्याकाळी घरी येऊन त्याने मीनलला हसत सांगितलंही नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

“रुमालाच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने एक अक्षर होतं,” फ्राउके सांगत होती. “तिने ते दोरीवर पाहिलं आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, हे मी भरलंय. हा माझ्या नवऱ्याचा रुमाल इथे का? मी सांगितलं. मला वाटलं होतं की तुम्हाला अर्थ माहीत असेल. मग ती हसायला लागली. म्हणाली, त्याला काहीही माहीत नाही, त्याने नुसती मान हलवली असेल.”

कुत्र्याने एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं आणि मिटला.

“कापड बदलता येतं,” फ्राउके म्हणाली. “माणसाच्या जागी माणूस. तिने तुमचा रुमाल उतरवला आणि आपला खण ठेवला. तुम्ही मोकळे झालात.”

“मग मी पुन्हा बदलतो. माझा रुमाल ठेवून घ्या आणि ती मला द्या.”

“बदला. होड्यांच्या दिवसापर्यंत तुम्हाला तो हक्क आहे.”

इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने तिथल्या तिथे रुमाल काढला. पण फ्राउकेने हात वर केला.

“शब्द मी तुम्हाला समजणाऱ्या भाषेत सांगते. मागच्या वेळी तशी पद्धत नव्हती, आता आहे. म्हणायचं असं: मी मला देतो. आनंदाने देतो. हा तिचा हक्क आहे.”

“मी मला देतो,” दिलीप म्हणाला. मग थांबला. “आनंदाने देतो.”

“आग लागली तर कुठल्या दाराने पळायचं ते वाचून दाखवावं, तसं म्हणताय,” फ्राउके म्हणाली. “पुन्हा या.”

“शब्द म्हटले ना मी!”

“म्हटले. कुरकुरत दिलेलं ती घेत नाही.”

“घेतलं तर काय होईल?”

“पाणी चढेल.”

“पाणी पंप बंद पडला की चढतं, बाई. ते माझं काम आहे.”

“आणि पंप का बंद पडतो?” फ्राउकेने शांतपणे विचारलं.

त्याच्याकडे या प्रश्नाची उत्तरं होती, तांत्रिक, चांगली. त्याने ती दिली नाहीत. रुमाल खिशात कोंबून तो बांध उतरून खाली आला. खाली येताना त्याला सगळ्यांचा राग आला. हसून खण ठेवणाऱ्या बायकोचा, टाळ्या वाजवणाऱ्या संजीवचा, आणि गुबगुबीत चेहऱ्याच्या त्या दगडाचा, ज्याचं कुणी काही दिलं तरी पोट भरत नव्हतं.

पंपघरात त्याच्या शेजारी कुरियन बसायचा. केरळचा. त्याच्या घराण्याचा धर्म वेगळाच होता. यहुदियातल्या एका सुताराच्या मुलाला देव मानणारा तो पंथ एके काळी रोमपर्यंत पोचला होता म्हणे. एका बादशहाने त्याला जवळही केलं होतं. पण पुढच्यांनी जुने देव सोडले नाहीत आणि पंथ आटत गेला. आता सीरियाच्या डोंगरात थोडे आणि केरळात थोडे. इथले लोक कुरियनला कुतूहलाने विचारायचे, तुमचा एकच देव, मग घराचा कोण बघतो आणि पाण्याचा कोण? कुरियन हसून सोडून द्यायचा. पंपघरात येताना त्यालाही कापड मागितलं होतं. त्याने दिलं नाही, म्हणून तो फक्त ऑफिसच्या बाजूला काम करायचा, पंपांच्या हॉलमध्ये त्याला जायला मनाई होती.

कॅन्टीनमध्ये दिलीपने त्याला सगळं सांगितलं. कुरियनने डब्यातला अप्पम अर्धा तोडून त्याच्यापुढे ठेवला.

“आमच्यात हे नाही,” तो म्हणाला. “आमचा देव एकदाच आला आणि सगळ्यांच्या वतीने स्वतःला देऊन गेला. आता कुणी कुणाला सोडवायचं राहिलं नाही.”

“फुकट?”

“फुकट.”

“मग तुम्ही लोक एवढे थोडे का?”

“म्हणूनच,” कुरियन म्हणाला. “फुकट मिळालेल्यावर कोण विश्वास ठेवतो?”

दिलीपने अप्पम खाल्ला. त्याला वाटलं, या माणसाचा देव जगात जिंकला असता तर मीनल आज वाईला पोचली असती. मग वाटलं, तसं झालं असतं तर त्यानेही काहीतरी मागितलंच असतं. मोठ्या झालेल्या देवाने हात आखडता घेतलाय असं दिलीपने कुठे पाहिलं नव्हतं.

हिवाळाभर तो देवळात जात राहिला. कधी कामावरून, कधी सुट्टीच्या दिवशी. उभा राहायचा, रुमाल ठेवायचा, शब्द म्हणायचा. एकदा तो घरी आरशासमोर सराव करून गेला. एकदा मंडळाच्या पार्टीत दोन ग्लास घेऊन गेला आणि चांगला हसत म्हणाला. फ्राउके म्हणाली, “ही वाइन आनंदी आहे, तुम्ही नाही.” एकदा तो चिडून ओरडला, “माझी बायको मेलीय! आनंद कुठून आणू?” फ्राउकेने त्याला कॉफी दिली.

तिकीट रद्द करावं लागलं. सासूबाईंचे फोन येत होते. कागद, मग विमान, मग ऑफिस, अशी कारणं त्याने दिली. एकदा त्या म्हणाल्या, “दिलीपराव, तुम्हाला आणायची नाही का तिला?” त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या रागाच्या भरात तो पुन्हा सुचेताकडे गेला.

“शब्द गेला खड्ड्यात,” तो म्हणाला. “मीनल काय म्हणाली होती ते मला सगळं सांग.”

सुचेताने त्याला आत घेतलं. चहा टाकला. पाठमोरीच बोलली, गॅसकडे बघत.

“तुमचा रुमाल बघितला त्या दिवशी घरी येताना ती गप्प होती. मी म्हटलं, दादाला सांग, तो बघून घेईल. तर म्हणाली, सांगू नकोस, तो भांडायला जाईल आणि नोकरी घालवून बसेल. म्हणाली, मला काय, मी कुठेही राहीन, मला माणसं मिळतात. पण त्याला इथे एकही माणूस आवडत नाही. त्याला म्हातारपणी वाईच्या घाटावर बसून जगाला शिव्या द्यायच्यात. मेल्यावरही तो इथे नीट पडून राहायचा नाही.”

दिलीपला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं. हे अगदी मीनलचं बोलणं होतं.

“मी म्हटलं, अगं पण तू? आईचा विचार केलास का? तर म्हणाली, मी काय आज मरतेय का? अजून पन्नास वर्षं आहेत, तोवर बघू, सोडवेल मला कुणीतरी.” सुचेताने गॅस बंद केला. “तेव्हा तिला काही झालेलं नव्हतं दादा. नखात रोग नव्हता.”

“आणि शब्द? शब्द कसे म्हणाली?”

“तुम्हाला ऐकवणार नाही.”

“सांग.”

“उखाणा घेतल्यासारखे म्हणाली. खण पसरला, तांदूळ घातले, नारळ ठेवला, देवीला कुंकू लावलं. ती पुजारीण बघतच राहिली. आणि मग हसत, अगदी लाजत, आनंदाने देते म्हणाली. तुमचं नाव घेऊन.”

चहा दोघांनीही प्यायला नाही.

वसंत आला. पाण्यावरचं धुकं विरळ झालं आणि बांधाखालच्या धक्क्यावर होड्यांना रंग दिला जाऊ लागला. पहिल्या होड्यांच्या दिवशी सगळं गाव बांधावर जमलं. पावाच्या टोपल्या, सफरचंदं, पोरंटोरं, कुत्री. नगराध्यक्षांनी भाषण केलं. मंडळाची माणसंही आली होती, झब्बे घालून. “अगदी आपली नारळी पौर्णिमा!” असं संजीव कुणाला तरी सांगत होता. दिलीप त्याला टाळून देवळात शिरला. त्याच्या हातात कलश होता आणि खिशात रुमाल.

आतल्या फळीवर त्या वर्षीच्या रक्षा ओळीने ठेवल्या होत्या. मीनलची शेवटून दुसरी. मातीचं साधं भांडं, आणि भांड्याला तिचाच हिरवा खण बांधलेला.

फ्राउकेने दार लोटून घेतलं. बाहेरचा गोंगाट कमी झाला.

“ऐका,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुम्ही आज म्हणा. मी पाण्याकडे तोंड करून उभी राहते. तुमचा चेहरा बघणार नाही, आवाजाकडेही कान देणार नाही. म्हणा, ठेवा, आणि बायकोला घेऊन जा. मी खूप वर्षं हे काम केलंय, देवीला एवढं माझं ऐकावं लागेल.”

आणि खरंच तिने पाठ फिरवली.

दिलीपने रुमाल काढला. देवीची मांडी हाताच्या अंतरावर होती. एक खोटं वाक्य म्हटलं की मीनल कलशात, कलश विमानात आणि वाईची म्हातारी घाटाच्या पायरीवर. तीन वाक्यांपैकी दोन तर खरीच होती. मधलं एक तेवढं खोटं. आयुष्यात त्याने याहून मोठी खोटी वाक्यं मान हलवून म्हटली होती. याच जागी म्हटली होती. आणि त्याची भरपाई मीनलने केली होती.

त्याने भांड्याकडे पाहिलं. खणाची गाठ तिच्या पद्धतीची नव्हती, इथल्या कुणीतरी बांधलेली, कोळ्याच्या दोरीसारखी घट्ट. तिने हसत दिलं होतं. लाजत, त्याचं नाव घेऊन. लग्नात तिने त्याचं नाव घेतलं होतं तेव्हाही तो दुसरीकडेच बघत होता. तिने आयुष्यात समजून-उमजून एक गोष्ट दिली होती, आणि ती त्याने आता खोटं बोलून परत फिरवायची होती.

“बाई,” तो म्हणाला. “वळा इकडे.”

फ्राउके वळली.

“मला नाही जमत. आनंदाने नाही देता येत मला. तुमच्या देवीवर माझा राग आहे आणि तो जाणार नाही.”

“मग ती इथेच राहील,” फ्राउके म्हणाली.

“हो. पण होडीत मी बसणार. आणि ती गाठ मी सोडणार.”

फ्राउकेला हे पद्धतीत बसतं की नाही ते आठवेना. शेवटी तिने भांडं त्याच्या हातात दिलं.

होडी धक्क्यापासून बरीच आत गेल्यावर दिलीपने खणाची गाठ सोडली. रक्षा वाऱ्याबरोबर गेली, थोडी पाण्यावर, थोडी त्याच्या कोटावर. नाव घ्यावं असं त्याला वाटलं, पण उखाणा त्याला एकही येत नव्हता. “मीनल,” एवढंच तो म्हणाला. मग कलशात पाणी भरून घेतलं आणि ते पुन्हा पाण्यातच ओतलं. कलश रिकामा आणणं त्याला बरं वाटेना, आणि त्यात भरून आणण्यासारखंही काही उरलं नव्हतं. बांधावर लोक गात होते. होडीतल्या बाकीच्यांची माणसंही त्याच पाण्यात गेली होती आणि ते एकमेकांना मिठ्या मारत होते. एकाने दिलीपलाही मारली. तो लाकडासारखा उभा राहिला.

त्याच दुपारी त्याने वाईला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. रुमाल, खण, होडी. सासूबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. त्याला वाटलं लाइन कटली.

“आई?”

“आहे,” त्या म्हणाल्या. “तिथलं पाणी गोडं आहे की खारं?”

“गोडं. पूर्वी समुद्र होता. आता बांध घातल्यापासून गोडं.”

“तेवढं तरी बरं.” त्यांनी नाक ओढलं. “मग तुम्ही कधी येताय?”

दिलीप खिडकीशी उभा होता. खिडकीतून बांध दिसत होता, आणि बांधामागचं पाणी या घराच्या छतापेक्षाही उंच होतं. त्याच्या प्रकल्पाची मुदत उन्हाळ्यात संपत होती. साहेबांनी विचारलं होतं, वाढवायची का? तो हिवाळाभर नाही म्हणत आला होता. आज सकाळी होडीतून उतरल्यावर, कोटावरची रक्षा न झटकता, तो तसाच पंपघरात गेला आणि हो म्हणून आला.

“दिलीपराव, विचारतेय मी. कधी येताय?”

दिलीप बांधाकडे बघत राहिला.

“समजलं,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणजे पोरीने तुम्हाला सोडवलं ते फुकटच गेलं.”

त्यांनी फोन ठेवला. हिरवा खण टेबलावर वाळत पडला होता. एका खणात त्या दगडाच्या बाईने दोघांना ठेवून घेतलं होतं. दिलीपने कोट घातला आणि कामावर गेला. पाऊस लागणार होता, पंप वेळेवर सुरू करायला हवे होते.